‘लेगो मूव्ही’ म्हणजे शंभर मिनिटांची जाहिरात? एका फिरत्या संदेशाला उत्तर

मे महिन्याच्या बालशिबिरात ‘द लेगो मूव्ही’, म्हणजे लेगो कंपनीच्या एकमेकांत बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांवरचा ॲनिमेशनपट, दाखवणार, असं आमच्या वाचनालयाच्या फलकावर लागलं आणि फोंडा-डिचोलीकडच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत आधीपासून फिरणारा एक संदेश चहूबाजूंनी माझ्याकडे येऊ लागला. तो थोडक्यात असा :

‘हा सिनेमाच नाही, शंभर मिनिटांची जाहिरात आहे. बुडायला आलेल्या खेळण्यांच्या कंपनीनं स्वतःला वाचवायला तो काढला. त्यातलं “सगळं कसं मस्त” हे गाणं मुलांचं डोकं धुऊन काढतं. कम्प्युटरचं बटण दाबून बनवलाय, कला शून्य, ऑस्करवाल्यांनीसुद्धा नाकारला. लेगोमुळं मुलांची कल्पनाशक्ती मरते. आणि आपल्या मातीशी याचा संबंध काय? गोव्यातल्या मुलांना दाखवू नका. पुढे पाठवा.’

पाठवणारे बरेचसे माझ्या ओळखीतले आहेत. मुलांच्या डोळ्यांसमोर काय जातं याची त्यांना काळजी आहे, तशी ती मलाही आहे. म्हणून हा संदेश बाजूला सारण्यापेक्षा त्यातल्या एकेका मुद्द्याला उत्तर द्यायचं ठरवलं. माझं मत आधीच सांगते : हा सिनेमा मुलांइतकाच आईबापांसाठी आहे, आणि ‘जाहिरात’ म्हणून तो बंद केला तर त्यातली जी गोष्ट आपल्याला उद्देशून आहे तीच ऐकायची राहते.

कंपनीचा मुद्दा सालं बघितली की संपतो. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावी ओले कर्क क्रिस्टियान्सेन या सुतारानं 1932 मध्ये खेळणी करायला घेतली. आज आपण ओळखतो त्या, आतून नळ्या असलेल्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्याचं पेटंट 1958 चं. कंपनी बुडायला आली होती हे खरं, पण ते 2003-04 मध्ये. अंगावर नको तितके धंदे घेतले होते, सुट्या भागांचे प्रकार भरमसाट वाढले होते. 2004 मध्ये यॉर्गेन विग क्नुडस्टॉर्प मुख्याधिकारी झाले, थीम पार्कांतला मोठा हिस्सा विकला गेला, सुट्या भागांचे प्रकार जवळपास निम्म्यावर आणले गेले आणि कंपनी सावरली. सिनेमा आला फेब्रुवारी 2014 मध्ये. दहा वर्षांपूर्वी बुडताना वाचलेल्याला या सिनेमानं कसं वाचवलं?

त्याच आकड्यांत आणखी एक गोष्ट आहे, ती संदेश लिहिणाऱ्यानं बघितलेली दिसत नाही. 2014 मध्ये कंपनीची विक्री 13 टक्क्यांनी वाढली आणि त्यात सिनेमाचा वाटा होता. मग 2017 मध्ये एकाच वर्षात लेगोचेच आणखी दोन सिनेमे आले, फेब्रुवारीत बॅटमॅनचा आणि सप्टेंबरमध्ये निन्जागो या लेगोच्या निन्जा पात्रांचा. त्या वर्षी विक्री 8 टक्क्यांनी घटली. तेरा वर्षांतली ती पहिली घट. म्हणजे सिनेमा काढला की खेळणी खपलीच, हे गणितसुद्धा बरोबर येत नाही.

आता ‘जाहिरात’. यात तथ्य आहे. सिनेमाबरोबर त्यातल्या गाड्या, जहाजं, पात्रं यांचे सेट दुकानांत आले, आणि ते यावेत अशीच योजना होती. खेळण्याच्या नावाचा सिनेमा काढताना कंपनीला खेळणी विकायची नव्हती, असं मी कुणाला सांगणार नाही. पण आत काय आहे तेही बघावं लागेल ना? जाहिरात म्हणते, घ्या, डब्यावरच्या चित्राप्रमाणे जोडा, मग पुढचा डबा घ्या. या सिनेमातला खलनायक नेमकं हेच म्हणतो.

एमेट हा त्यातला नायक, बांधकामावरचा साधा मजूर. उठणं, आंघोळ, शेजाऱ्याला नमस्कार, सगळं तो पुस्तिकेत दिलेल्या क्रमानं करतो. त्या जगावर राज्य आहे प्रेसिडेंट बिझनेसचं. त्याला जगात एकही ठोकळा जागचा हललेला खपत नाही. त्याच्याकडं ‘क्रॅगल’ नावाचं एक भयंकर अस्त्र आहे आणि ते वापरून सगळं जग जिथल्या तिथं कायमचं थिजवायचा त्याचा बेत आहे. हे अस्त्र म्हणजे अक्षरं पुसट झालेली, झटकन चिकटणाऱ्या गोंदाची ट्यूब.

पुढं मी शेवट सांगणार आहे. तो सांगितल्याशिवाय या मुद्द्याला उत्तरच देता येत नाही.

एमेट त्या जगाच्या कडेवरून खाली पडतो आणि आपण एका खऱ्या घराच्या तळघरात येतो. तिथं टेबलांवर ठोकळ्यांचं अख्खं शहर मांडलेलं आहे. ते वडिलांचं आहे. त्यांचा लहान मुलगा फिन त्यांच्या नकळत खाली येऊन त्याच्याशी खेळतोय, आणि आतापर्यंत आपण बघितलेली सगळी गोष्ट त्याच्या डोक्यातून आलेली आहे. वडील येतात आणि रागावतात. जागोजागी ‘हात लावू नये’ अशा पाट्या आहेत. मुलगा म्हणतो, ही खेळणी आहेत. वडील म्हणतात, मी वापरतो त्या पद्धतीनं ही खेळणी नाहीत, मोठ्या माणसांची गोष्ट आहे. मुलगा सांगतो, पण आपण तर खेळण्यांच्या दुकानातून आणली. वडिलांच्या हातात गोंद असतो. मुलानं मोडून नवं केलेलं सगळं पूर्ववत करून ते कायमचं चिकटवून टाकायचं, असं त्यांनी ठरवलेलं असतं. या वडिलांचं काम करणारा नट विल फेरेल, आणि प्रेसिडेंट बिझनेसला आवाजही त्याचाच. मुलानं गोष्ट रचताना खलनायक कुणावरून घेतला, ते बापाला त्या तळघरात उभ्या उभ्या कळतं.

शिबिरात मागे एकदा हा सिनेमा दाखवला होता. या प्रसंगानंतर तिसरीतला एक मुलगा मला म्हणाला, ‘टीचर, आमच्याकडे पण आहे. मामानं दुबईहून आणलेलं. शोकेसमध्ये ठेवलंय, बाबांनी कुलूप लावलंय.’ तो तक्रार करत नव्हता. आपल्या घरातली एक गोष्ट पडद्यावर दिसली, एवढंच त्याला सांगायचं होतं. गोव्यात अशी शोकेस नसलेलं घर शोधावं लागेल. गल्फहून, बोटीवरून, लंडनहून आलेली महागडी खेळणी काचेमागं ठेवायची, पाहुण्यांना दाखवायची, मुलाला मात्र ‘मोठा झालास की देतो’ म्हणायचं. मोडू नये ही काळजी मला समजते, पैसे कष्टाचे असतात. पण मूल मोठं होतं तेव्हा त्याला ते खेळणं नको असतं. स्वतःच्या नावाच्या सिनेमात कंपनी सांगते की आमचा माल डब्यावरच्या चित्रासारखा लावून काचेत ठेवणारा माणूस या गोष्टीतला खलनायक आहे. ही जाहिरात असेल तर आपल्या घरातलं कुलूप दाखवणारी आहे, आणि म्हणून ती मला मुलांना आणि त्यांच्या बाबांना एकत्र बसवून दाखवायची आहे.

गाण्याबद्दल. ‘एव्हरीथिंग इज ऑसम’ हे गाणं डोक्यात अडकतं यात वाद नाही, ते तसं अडकावं म्हणूनच रचलेलं आहे. पण सिनेमात ते कधी वाजतं? एमेटच्या शहरात सगळे मजूर एकाच वेळी, एकाच सुरात, तासन्‌तास तेच गाणं म्हणत असतात. तो 37 डॉलरची कॉफी आनंदानं विकत घेतो. टीव्हीवर एकच विनोदी कार्यक्रम चालतो आणि सगळं गाव त्यालाच हसतं. गाणी, कॉफी, टीव्हीचे कार्यक्रम, पाळत ठेवायचे कॅमेरे, इतिहासाची पुस्तकं आणि मतदानाची यंत्रं हे सगळं एकच कंपनी बनवते, ऑक्टन तिचं नाव आणि तिचा मालक प्रेसिडेंट बिझनेस. डोकं धुणं म्हणजे काय, हे आठ वर्षांच्या मुलाला यापेक्षा सोप्या रीतीनं कसं दाखवणार? आमच्या शिबिरातल्या मुलांनी ते लगेच पकडलं. ‘यांचं सगळं एकाच माणसाकडं आहे’, असं एक मुलगी म्हणाली, आणि मग कुणाकुणाचं काय काय आहे यावर बराच वेळ बोलणं चाललं.

हेच गाणं कंपनीवर उलटलंही. त्याच वर्षी, जुलै 2014 मध्ये ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेनं एक छोटी फिल्म काढली : लेगोनं बांधलेला आर्क्टिक प्रदेश, वरून चढत जाणारं काळं तेल, आणि पाठीमागं हेच गाणं, अगदी संथ, उदास चालीत. शेल तेलकंपनीचं नाव लेगोच्या खेळण्यांवर असायचं, ते काढावं ही मागणी होती. ऑक्टोबरमध्ये लेगोनं जाहीर केलं की शेलबरोबरचा करार पुढं चालू ठेवणार नाही. गाण्यातला उपरोध लोकांना कळला होता म्हणूनच ते गाणं त्या मोहिमेच्या कामी आलं.

‘कम्प्युटरचं बटण दाबून बनवलाय.’ या वाक्यानं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण काम करणाऱ्या माणसांचं काम त्यानं पुसून टाकलं आहे.

सिनेमा कम्प्युटरवर झाला हे खरं आहे. सिडनीतल्या ॲनिमल लॉजिक या स्टुडिओनं तो केला, दिग्दर्शक फिल लॉर्ड आणि क्रिस्टोफर मिलर. पण कम्प्युटरला जे सहज जमतं ते त्यांनी मुद्दाम नाकारलं. कम्प्युटरवर समुद्र हवा तसा उसळवता येतो. इथं समुद्राची प्रत्येक लाट ठोकळ्यांची आहे. धूर, आग, स्फोटसुद्धा तुकड्यांचेच. माणसांचे हात खऱ्या लेगोच्या बाहुल्यांसारखे फक्त खांद्यात फिरतात, मनगटात वळतात, कोपर वाकत नाही. एका सेकंदाला 24 चित्रं असतात, पण हालचाल बहुतेक ठिकाणी दर दोन चित्रांना एकदाच बदलते, त्यामुळं ती जराशी अडखळत पुढं सरकते, हातानं एकेक फोटो काढून केलेल्या फिल्मसारखी. ठोकळ्यांवर ओरखडे आहेत, धूळ आहे, बोटांचे ठसे आहेत. बेनी नावाचा निळा अंतराळवीर आहे, त्याचं हेल्मेट हनुवटीपाशी तुटलेलं आहे. ज्यांनी 1980 च्या दशकात त्या बाहुलीशी खेळलं त्यांना ठाऊक आहे की ते हेल्मेट नेमकं तिथंच तुटायचं. मुलाच्या हातात वर्षानुवर्षं राहिलेली वस्तू कशी दिसते, हे बटणाला माहीत नसतं. ते कुणीतरी बसून आठवावं लागतं.

आणि ही सगळी पद्धत त्यांनी घेतली कुणाकडून? घरात बसून अशा फिल्म करणाऱ्या मुलांकडून आणि हौशी लोकांकडून. 1973 मध्येच डेन्मार्कमधल्या नात्यातल्या दोन मुलांनी आजी-आजोबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी लेगोची चंद्रावर जायची छोटी फिल्म केली होती. तेव्हापासून जगभर हौशी लोक ते करत आले. आम्ही शिबिरात हेच करतो. मोबाईल एका जागी घट्ट बांधायचा, ठोकळ्याचा माणूस किंचित हलवायचा, फोटो, पुन्हा हलवायचा, फोटो. सेकंदाला बारा धरले तर एका मिनिटाच्या फिल्मला 720 फोटो लागतात. पोरं पहिल्या दिवशी कंटाळतात, दुसऱ्या दिवशी भांडतात, तिसऱ्या दिवशी पंख्याच्या वाऱ्यानं बाहुली पडली म्हणून स्वतःहून पंखा बंद करून घामाघूम होऊन काम करतात, तेही मे महिन्यात! त्यानंतर त्यांना सिनेमा दाखवला की ती गोष्ट बघत नाहीत, कोपरं बघतात. ‘टीचर, कोपर नाही वाकलं!’

ऑस्करचं उत्तर छोटं आहे. 2015 च्या ऑस्करला सर्वोत्तम ॲनिमेशनपटाच्या नामांकनांत तो नव्हता, हे खरं. गाण्याला मात्र नामांकन होतं. त्याच वर्षी सर्वोत्तम ॲनिमेशनपटाचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार त्याला मिळाला आणि अमेरिकेच्या नॅशनल बोर्ड ऑफ रिव्ह्यूनं मूळ पटकथेचा पुरस्कार लॉर्ड आणि मिलर यांना दिला. पुरस्कारांवरून किंमत करायची असेल तर सगळे मोजावेत.

‘लेगोमुळं कल्पनाशक्ती मरते.’ यात एक खरी गोष्ट दडलेली आहे, म्हणून इथं थांबते. आज दुकानात मिळणारा बहुतेक माल म्हणजे एक डबा, एक चित्र, एक पुस्तिका. पान एक, पान दोन, झालं जहाज. मूल ते एकदा जोडतं आणि बाजूला ठेवतं. हे मलाही खटकतं. पण दोष ठोकळ्याचा नाही. आठ ठिपक्यांचे, एकाच रंगाचे सहा ठोकळे घेतले तरी ते 91,51,03,765 वेगवेगळ्या प्रकारे जोडता येतात, हे गणितज्ञांनी मोजलेलं आहे.

आपल्याकडं दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्याचं झालंय तेच हे. पूर्वी वाड्यावरची पोरं गवत, गोणपाट, बांबू, जुने कपडे जमवून रात्र जागवत नरकासुर उभा करायची, आणि प्रत्येक वाड्याचा वेगळा दिसायचा. आता बाजारातून तयार मुखवटा आणला जातो आणि चार गावांचे चार नरकासुर एकाच तोंडाचे निघतात. म्हणून कुणी पोरांना बांबू हातात घेऊ नका असं सांगत नाही.

सिनेमाची भूमिकाही याच अंगानं जाते, आणि ती संदेशात सांगितली आहे त्यापेक्षा जास्त शहाणी आहे. पुस्तिकेवाचून सगळं रचणारे ‘मास्टर बिल्डर’ त्यात आहेत, पण ते एकत्र आले की प्रत्येकजण आपलंच बांधतो आणि सगळे हरतात. एमेट त्यांना सांगतो की एकत्र काम करायचं तर एक आराखडा लागतो. उलट एमेटची एकमेव स्वतःची कल्पना म्हणजे दुमजली सोफा. सगळे तिला हसतात, आणि पाणबुडी फुटते तेव्हा तोच सोफा तरंगतो आणि सगळ्यांना वाचवतो. दोन्ही हवं, असं तो मुलांना गोष्टीतून दाखवतो. आमच्या शिक्षणात यातलं एकच शिकवलं जातं, ते कुठलं हे पालकांना सांगायला नको.

या मुद्द्यात संदेशानं एक खरी तक्रार सोडून दिली आहे, ती किमतीची. भारतात आयात खेळण्यांवरचं सीमाशुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 वर गेलं आणि 2023 मध्ये 70 टक्क्यांवर. कंपनीचा मूळ भाव आधीच चढा, त्यावर हे. बऱ्याच घरांना तो सेट परवडत नाही आणि परवडावा असं मी म्हणणारही नाही. सिनेमा बघायला तो विकत घ्यावा लागत नाही. ठोकळ्याच्या आकारावर कायमचा ट्रेडमार्क मिळावा म्हणून कंपनी युरोपच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती, 2010 मध्ये तिथं ती हरली. तसे जुळणारे ठोकळे इतरांनीही बनवावेत यात काही गैर नाही. आमच्या वाचनालयातली बादली म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातल्या पिशव्यांनी आणि मोठ्या झालेल्या मुलांनी आणून दिलेल्या ठोकळ्यांनी भरलेली आहे. बारीक तुकडे तोंडात घालणाऱ्या लहान मुलांपासून मात्र ती लांब ठेवावी लागते, आणि विकत घेताना पिशवीवर आयएसआयची खूण बघावी.

‘आपल्या मातीशी संबंध काय?’ दादासाहेब फाळक्यांनी 1915 मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ नावाची फिल्म केली होती. टेबलावरच्या काड्या एकेक चित्रागणिक हलवून त्यांनी त्या पडद्यावर नाचवल्या. निर्जीव वस्तू थोडीशी सरकवायची, चित्र घ्यायचं, पुन्हा सरकवायची, हा खेळ मराठी माणसानं शंभरहून अधिक वर्षांपूर्वी खेळलेला आहे. 2004 पासून पणजीत इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, जगभरचे सिनेमे आपण आपल्या अंगणात बघतो आणि त्याचा अभिमान बाळगतो. मग मुलांच्या वाट्याला आलेला सिनेमाच तेवढा परका का? कुंकळ्ळीच्या चितारींची लाखेनं रंगवलेली लाकडी खेळणी घरात नाहीत याचं दुःख मलाही आहे, पण ती लेगोच्या सिनेमानं घालवलेली नाहीत. आपण घेणं सोडलं.

एक टीका मात्र मी स्वतः करते, आणि ती संदेशात नाही. पुढचे सगळे भाग पहिल्याच्या तोडीचे नाहीत. पहिल्यानं जगभरात सुमारे 47 कोटी डॉलर कमावले, बॅटमॅननं 31 कोटी, निन्जागोनं 12 कोटी. निन्जागोत मला तळघरातल्या त्या बापलेकासारखं काही सापडलं नाही. 2019 चा दुसरा भाग चालला कमी, तरी मला तो जवळचा वाटतो, कारण त्यात भाऊ मोठा होतोय आणि धाकट्या बहिणीला खेळात घेत नाही, हे दोघांच्याही बाजूनं सांगितलंय. 2020 मध्ये लेगो सिनेमांचे हक्क वॉर्नर या स्टुडिओकडून युनिव्हर्सलकडं गेले. नावावर विसंबून सगळे भाग सरसकट दाखवावेत असं मी म्हणत नाही. आम्ही पहिला दाखवतो.

आणि तो या मे महिन्यातही दाखवणार आहोत. सिनेमा इंग्रजीत आहे, मुलं मराठी शाळांतली आहेत, तेव्हा मध्येमध्ये थांबवून मी मराठीत सांगत जाईन. पालकांनी, विशेषतः वडिलांनी, मुलाला सोडून परत जाण्यापेक्षा आत बसावं अशी विनंती आहे, खुर्च्या वाढवल्या आहेत. सिनेमा संपला की बादली टेबलावर ओतली जाईल, पुस्तिका नसेल. ज्यांना वरच्या कुठल्याही मुद्द्यावर माझ्याशी वाद घालायचा आहे त्यांनी त्याच टेबलाशी यावं.